आठ महिने न झालेली प्रार्थना

पहिल्या भेटीच्या आदल्या रात्री तिची ईमेल आली. विषयाच्या जागी एकच शब्द होता, ‘शंका’. आत चार-पाच ओळी:

“मॅडम, मी श्रद्धाळू घरात वाढले. गेले आठ महिने मला प्रार्थना करता येत नाही. जगात जे चाललंय ते बघून देवावर विश्वास ठेवणं म्हणजे त्या मेलेल्या पोरांचा अपमान वाटतो. आणि विश्वास सोडून दिला तरी चैन पडत नाही. हा आजार आहे का?”

हा प्रश्न माझ्याकडे वरचेवर येतो, शब्द तेवढे बदलतात. कुणाच्या घरात अकाली मृत्यू झालेला असतो, कुणी युद्धाच्या बातम्या बघून आतून हललेलं असतं. विचारणाऱ्याला बहुतेक वेळा एखादा बिनतोड युक्तिवाद हवा असतो: इतकं दुःख असूनही देव कसा आहे, किंवा कसा नाही. तो माझ्याकडे नाही. असता तरी समुपदेशनाच्या खोलीत त्याचा फारसा उपयोग झाला असता असं वाटत नाही. तिची गोष्ट मी तिच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, नाव मुद्दामच देत नाही.

तिचं काम असं. समाजमाध्यमांवर लोकांनी तक्रार केलेले व्हिडिओ एकेक करून तिच्या पडद्यावर येतात. तिच्या वाट्याला आलेली रांग युद्ध आणि हिंसाचाराची. काही सेकंदांत ठरवायचं, राहू द्यायचा, काढायचा, की वरच्यांकडे पाठवायचा. मग ‘पुढे’ हे बटण दाबायचं. आठ तास.

“दिवसाला साधारण किती?” मी विचारलं.

“मोजत नाही. मोजले तर दुसऱ्या दिवशी जाता येणार नाही.”

आठ महिन्यांपूर्वी एक व्हिडिओ आला होता. कोसळलेल्या घरापाशी एक माणूस उकिडवा बसलाय. हातात लहान मुलाची एक चप्पल. तो ती शर्टाच्या टोकाने पुसतोय. पट्ट्यातली धूळ निघेना, म्हणून थुंकी लावून पुसतोय. मूल कुठेच दिसत नाही. रक्त नव्हतं, प्रेत नव्हतं, नियमात बसणारा व्हिडिओ होता. तिने ‘राहू दे’ दाबलं आणि पुढे गेली. त्या रात्री सवयीने हात जोडले, आणि पहिला शब्दच आला नाही.

आता, श्रद्धेच्या प्रश्नावर थेट उडी मारायची नसते, हे आमच्या कामात पहिल्या वर्षी शिकवतात. झोप कशी आहे, जेवण जातं का, नको असताना ती दृश्यं डोळ्यांपुढे येतात का, दाराच्या आवाजाने दचकायला होतं का. आणि न बिचकता सरळ विचारायचं, “मरून जावंसं वाटतं का?” (हा प्रश्न विचारल्याने कुणाच्या डोक्यात तो विचार नव्याने शिरत नाही. उलट, कुणीतरी विचारलं एकदाचं, म्हणून माणूस मोकळं होतं.) तिचं उत्तर ‘नाही’ होतं. पण झोप तुकड्यातुकड्यांची होती, आणि चप्पल दिवसातून कितीतरी वेळा दिसत होती, भाजी चिरताना, जिना उतरताना. दुसऱ्यावर झालेला आघात सतत पाहून पाहणाऱ्यालाही आघात होतो. पत्रकार, रुग्णवाहिकेवरची माणसं, दुभाषे, सगळ्यांना होतो. मी तिला मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. कामाच्या ठिकाणी तिने काही सोयी मागून घेतल्या. व्हिडिओ कृष्णधवल आणि छोट्या चौकटीत बघायचा, गरज नसेल तर आवाज बंद ठेवायचा, अमुक वेळाने उठायचं. उपाय साधे आहेत, पण मेंदूवर आदळणाऱ्या दृश्याची धार त्यांनी कमी होते.

दीड महिन्यात झोप बरीच सुधारली. प्रार्थना जिथल्या तिथे.

माझा अंदाज असा होता की झोप परत आली की प्रार्थनाही मागोमाग येईल. म्हणजे तिच्या श्रद्धेचा प्रश्न मी गुपचूप लक्षणांच्या यादीत टाकून दिला होता. तिच्या ते लक्षात आलं असावं. एक दिवस म्हणाली, “मॅडम, मी बरी होतेय. पण मी जे विचारलं होतं ते तसंच आहे.”

त्याच सुमारास तिच्या एका परदेशी सहकारी मैत्रिणीने तिला आपल्या क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या सभेला बोलावलं, पडद्यावरूनच. ती गेली आणि चिडून माझ्याकडे आली.

“वीस-बावीस माणसं आपापल्या चौकटीत डोळे मिटून बसलेली. धर्मगुरू नाही, स्तोत्र नाही. चाळीस मिनिटं कुणी बोललंच नाही. मी तिकडे दिवसभर पेटलेली घरं बघून आलेय, आणि ही माणसं शांत! मला ओरडावंसं वाटलं. ही श्रद्धा आहे का पळवाट?”

क्वेकरांबद्दल मला थोडं माहीत होतं, ते आमच्या धंद्यामुळे. का, ते पुढे येईल. हा पंथ सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये यादवी युद्धानंतरच्या धामधुमीत उभा राहिला. जॉर्ज फॉक्स हा त्याचा मुख्य प्रवर्तक. प्रत्येक माणसात ईश्वराचा काही अंश आहे, तेव्हा मध्यस्थ कशाला, असं त्यांचं म्हणणं. म्हणून शांत बसायचं, आणि कुणाला आतून बोलावंसं वाटलंच तर उठून चार वाक्यं बोलायची. जानेवारी १६६१ मध्ये त्यांनी राजा दुसऱ्या चार्ल्सला लेखी कळवलं की कुठल्याही कारणासाठी आम्ही शस्त्र धरणार नाही. त्याच महिन्यात लंडनमध्ये एका वेगळ्याच पंथाचं बंड झालं होतं आणि त्या संशयावरून क्वेकर हजारोंनी तुरुंगात पडले होते. तेव्हा जग छान आहे असं वाटणाऱ्या, पोटभर जेवलेल्या माणसांनी काढलेलं ते निवेदन नव्हतं. हे मी तिला सांगितलं. तिने मान हलवली, जशी आपण इतिहासाच्या तासाला हलवतो.

“पण एक झालं,” ती म्हणाली. “शेवटी एक म्हातारे गृहस्थ बोलले. गेल्या आठवड्यात माझा कशावरच विश्वास नव्हता. आज थोडा आहे. पुढच्या आठवड्याचं सांगता येत नाही. एवढंच. आणि मॅडम, त्यांना कुणीही उत्तर दिलं नाही! कुणी धीर दिला नाही, समजूत घातली नाही. परत सगळे गप्प.”

तिचा आवाज चिडल्यासारखा होता, पण हे ती सांगत होती पुन्हा पुन्हा. त्याच भेटीत तीनदा. तिथेच थांबून ऐकायला हवं होतं. मी थांबले नाही.

मी तिला आमिश लोकांची गोष्ट सांगितली. आमिश हे क्वेकरांपेक्षा वेगळे. सोळाव्या शतकात युरोपात लहानपणीचा बाप्तिस्मा नाकारणारे जे लोक निघाले आणि त्यापायी छळ सोसत राहिले, त्यांच्यातूनच मेनोनाइट आले आणि पुढे आमिश. शस्त्र न धरणं हा दोघांचाही मूळ दंडक. २ ऑक्टोबर २००६ रोजी अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या निकेल माइन्स इथल्या त्यांच्या एकखोली शाळेत एक माणूस बंदूक घेऊन शिरला. मुलांना बाहेर घालवून त्याने दहा मुलींवर गोळ्या झाडल्या. पाच जणी गेल्या. मग त्याने स्वतःला संपवलं. त्याच दिवशी काही आमिश माणसं त्याच्या बायकोच्या आणि आईवडिलांच्या घरी गेली, सांत्वनाला. त्याच्या दफनाला आलेल्यांत निम्म्याहून जास्त आमिश होते. मदत म्हणून जो पैसा जगभरातून आला, त्यातला वाटा त्यांनी त्याच्या बायकामुलांना दिला.

मी ही गोष्ट बऱ्यापैकी रंगवून सांगितली असणार. कारण ती संपली तेव्हा तिचा चेहरा बंद झालेला होता.

“म्हणजे मीही माफ करायचं का? कुणाला? आणि कुणाच्या वतीने? माझी मुलगी गेलेली नाही, मॅडम. मला तो अधिकारच नाही.”

पुढच्या आठवड्यात ती आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

चूक माझी होती आणि ती नवशिकी चूक होती. समोरचा माणूस दुःख घेऊन बसलाय, आणि आपण त्याच्या मांडीवर दुसऱ्याच्या थोरपणाचा दगड ठेवायचा. थोर माणसांच्या गोष्टी बहुधा सांगणाऱ्याला बरं वाटावं म्हणून सांगितल्या जातात.

ती परत आली तेव्हा मी आधी माफी मागितली. मग म्हटलं, ती गोष्ट मी अर्धीच सांगितली, उरलेली ऐकायची का? ती म्हणाली, “सांगा. पण या वेळी सावकाश.”

उरलेली अशी. मारेकऱ्याची पहिली मुलगी नऊ वर्षांपूर्वी जन्मल्यावर काही मिनिटांतच गेली होती, आणि त्याने मागे ठेवलेल्या शब्दांत देवावरचा राग होता. हे ऐकून ती जरा दचकली, कारण तो राग तिच्या ओळखीचा होता. दुसरं, आमिश लोकांची क्षमा म्हणजे त्यांचा राग विझला असं नव्हे. सूड घ्यायचा नाही हा निर्णय त्या दिवशी झाला. भावना आपल्या गतीने, कुठे वर्षांनी, मागून येतात, आणि तो निर्णय रोज नव्याने करावा लागतो, असं त्या समाजातल्या माणसांनीच पुढे सांगितलं. त्यांनी मुलांसाठी आणि स्वतःसाठी समुपदेशकांची मदतही घेतली. आणि तिसरं, दहा दिवसांच्या आत त्यांनी ती शाळा पाडून टाकली. जागेवर गवत राहू दिलं आणि थोड्या अंतरावर नवी शाळा बांधली.

“पाडली?” तिने विचारलं.

“पाडली.”

“म्हणजे त्यांनाही ती खोली बघवत नव्हती.”

या वाक्यानंतर ती पहिल्यांदाच खुर्चीला टेकून बसली.

याच ओघात एक गोष्ट लिहून ठेवते, कारण ‘क्षमा’ हा शब्द घेऊन माझ्याकडे बऱ्याच बायका येतात, आणि तो त्यांना दुसऱ्या कुणीतरी दिलेला असतो. शांततावादी समाजांचा हा दुखरा कोपरा आहे. वाद नको, बोभाटा नको, माफ करून टाक, या दडपणाखाली तिथेही अत्याचार झाकले गेले. मेनोनाइट शांततावादाचे विसाव्या शतकातले सर्वात नावाजलेले विचारवंत जॉन हॉवर्ड योडर यांनी शंभराहून जास्त स्त्रियांशी लैंगिक गैरवर्तन केल्याचं २०१५ मध्ये त्या चर्चच्याच पुढाकाराने झालेल्या अभ्यासातून समोर आलं. संस्था वर्षानुवर्षं समज देत आणि सांभाळून घेत राहिल्या होत्या. कुणावर लादलेली क्षमा ही हिंसाच आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. आमिश पालकांचा निर्णय त्यांचा होता, तो उचलून दुसऱ्याच्या गळ्यात घालता येत नाही. मीच घातला होता, म्हणून एवढं ठासून लिहिते.

आता आमच्या धंद्याशी क्वेकरांचा काय संबंध, ते. १७९० मध्ये हॅना मिल्स नावाची एक क्वेकर विधवा इंग्लंडमध्ये यॉर्कच्या वेड्यांच्या इस्पितळात दाखल झाली. तिच्या पंथातली माणसं भेटायला गेली तर त्यांना आत सोडलं नाही, आणि काही आठवड्यांत ती मेली. विल्यम ट्यूक हा चहा-कॉफीचा व्यापारी. देवाने हे कसं होऊ दिलं, हा प्रश्न त्यालाही पडला असेलच. पण त्याने वर्गणी गोळा केली आणि १७९६ मध्ये ‘रिट्रीट’ नावाचं घर उघडलं. तिथे साखळदंड नव्हते. बाग होती, काम होतं, सोबत जेवण होतं, आणि मनोरुग्णाशी माणसासारखं बोलायची रीत होती. ट्यूकचं वय तेव्हा चौसष्ट. आज मी समोरच्याला खुर्ची देऊन “बोला” म्हणते, त्याच्या कितीतरी पिढ्या मागे हे घर उभं आहे.

दुसरा धागा जास्त जवळचा. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत सुमारे बारा हजार तरुणांनी सदसद्विवेकाला स्मरून लढायला नकार दिला आणि सैन्याऐवजी बिनपगारी नागरी काम पत्करलं. त्यांच्या छावण्या मुख्यतः क्वेकर, मेनोनाइट आणि ब्रेदरन या तीन शांततावादी चर्चांनी चालवल्या. त्यातले तीनेक हजार मनोरुग्णालयांत परिचर म्हणून गेले, आणि युद्ध टाळून आलेल्या या पोरांना तिथे दिसले उघडे, उपाशी, घाणीत बसलेले रुग्ण आणि त्यांना मारणारे कर्मचारी. फिलाडेल्फियाच्या सरकारी मनोरुग्णालयात चार्ली लॉर्ड नावाच्या परिचराने खिशात कॅमेरा लपवून फोटो काढले. मे १९४६ मध्ये ‘लाइफ’ साप्ताहिकात ते छापून आले तेव्हा देश हादरला.

“किती फोटो?” तिने विचारलं.

“तीन रोल. एकेकात छत्तीस.”

ती हिशेब करत असल्यासारखी गप्प झाली. मग म्हणाली, “तेवढे मी काही तासांत बघते. त्याने ज्याचा फोटो काढला त्याला नंतर आंघोळ घातली असेल ना?”

“परिचर होता. घातली असेल.”

“मला कुणालाच हात लावता येत नाही.”

मी त्या दिवशी आणखी काही बोलले नाही. माझ्या मते तिच्या प्रश्नाचं अर्धं मूळ इथे होतं. दुःख माणसाने पूर्वीही पाहिलं, आपल्यापेक्षा जास्तच पाहिलं. पण पाहणारा बहुधा हाताच्या अंतरावर असायचा. पाणी द्यायचा, प्रेत उचलायचा, निदान शेजारी बसायचा. नुसतं बघायचं आणि बटण दाबायचं, हा प्रकार नवा आहे, आणि तो आता फक्त तिच्या नोकरीत नाही.

उरलेलं अर्धं मूळ मला सापडलं नाही. ते दुसऱ्यांनी शोधलं. क्वेकरांमध्ये एक जुनी पद्धत आहे, तिला ते ‘क्लिअरनेस कमिटी’ म्हणतात. पूर्वी लग्न ठरवताना वापरायचे, आता कुठल्याही पेचात वापरतात. चार-पाच माणसं पेचात सापडलेल्याबरोबर दोन-तीन तास बसतात. सल्ला द्यायचा नाही, स्वतःचा अनुभव सांगायचा नाही, अमुक पुस्तक वाच म्हणायचं नाही. फक्त प्रश्न विचारायचे, आणि तेही ज्यांचं उत्तर विचारणाऱ्याला आधीच ठाऊक नाही असे. मध्ये हवी तेवढी शांतता. (हे वाटतं तितकं सोपं नाही. “तू एकदा डॉक्टरांशी बोलून बघितलंस का?” हा प्रश्न नसतो, प्रश्नचिन्ह लावलेला सल्ला असतो. मी वीस वर्षं हे काम करतेय आणि दिवसातून दोनदा तरी तसं करते.)

तिच्या मैत्रिणीने चार जण जमवले. दीड तास बरेच प्रश्न झाले, काही बरे, काही असेच. मग एकाने विचारलं, “प्रार्थना बंद झाली तेव्हा तू काय वाचवत होतीस?”

ती मला सांगत होती, “मॅडम, मी काही बोलायच्या आतच तोंडातून आलं, चप्पल.”

आणि मग तिचं तिलाच उलगडत गेलं. तिच्या घरात प्रार्थनेचा शेवट एका शब्दाने व्हायचा, ‘सोपवलं’. दिवसभरातलं जे काही जड असेल ते सोपवायचं आणि झोपायचं. लहानपणापासून तिला त्याने खरंच हलकं वाटायचं. त्या रात्री हात जोडल्यावर तिच्या लक्षात आलं होतं, शब्दांत नाही पण आलं होतं, की आता चप्पलही सोपवावी लागणार. आणि मग ती हलकी होणार. त्या माणसाची चप्पल पुसून व्हायच्या आत आपण हलकं व्हायचं, हे तिला मान्य नव्हतं. तिने ‘राहू दे’ दाबलं होतं. मग ती राहिलीच.

तिची श्रद्धा गेलीच नव्हती, असं मी म्हणणार नाही. ते तिने ठरवायचं. पण आठ महिने ज्याला ती स्वतःचा कोरडेपणा समजत होती, ती एका अनोळखी मुलाशी तिने धरलेली निष्ठा होती, एवढं माझ्या समोर स्वच्छ दिसलं. तो प्रश्न मला सुचला नाही याचं मला वाईट वाटलं. थोडा मत्सरही वाटला, खोटं कशाला सांगू.

ते म्हातारे गृहस्थ आणि त्यांना न मिळालेलं उत्तर ती इतक्यांदा का सांगत होती, तेही मग कळलं. जिथे कुणी समजूत घालत नाही, तिथे दुःख सोडून द्यावं लागत नाही. ते मांडीवर घेऊन बसता येतं, आणि शेजारीही आपापलं घेऊन बसलेले असतात.

ती आता अधूनमधून त्या सभेत बसते. क्वेकर झालेली नाही. तिथे देव न मानणारेही काही आहेत हे कळल्यावर तिला हायसं वाटलं. घरी रात्री हात जोडते कधी कधी, पण ‘सोपवलं’ म्हणत नाही. त्या जागी काय म्हणते हे मी विचारलं नाही. “हा आजार आहे का” याचं उत्तर मात्र मी तिला शेवटी दिलं: न लागणारी झोप, अंगावर येणारी दृश्यं हा आजाराचा भाग होता आणि त्यावर उपचार झाले. प्रश्न हा आजार नव्हता, आणि औषधाने तो जायलाही नको होता.

कामाचं आमचं अजून पूर्ण जमलेलं नाही. ती रांग तिने कायमची सोडावी असं मला वाटतं. तिचं म्हणणं, कुणीतरी नीट बघणारं तिथे हवं. शेवटी तीन दिवस बनावट जाहिराती आणि दोन दिवस जुनी रांग, असं तिने मागून घेतलं. मी कुरकुरत मान्य केलं, म्हणजे माझ्या मान्यतेची तिला गरज होती असं नाही.

त्या दोन दिवसांत ती एक करते. निर्णय झाल्यावर, ‘पुढे’ दाबायच्या आधी, बोट बटणावर ठेवून एक पूर्ण श्वास थांबते. पडद्यावर जो कुणी असेल त्याच्यासाठी. दर व्हिडिओला तीन-चार सेकंद जास्त लागतात आणि महिन्याच्या तक्त्यात तिचा वेग खाली दिसतो. टीम लीडने बोलावलं तर काय सांगायचं, खरं सांगायचं की डोळे दुखतात म्हणायचं, यावर आमची परवाची शेवटची दहा मिनिटं गेली.